परतवाड्याखालचे कान

अमरावती जिल्ह्यातली एक सरहद्द कुठल्याच नकाशात दाखवलेली नाही. ती परतवाड्यातून जाते. परतवाड्याहून उत्तरेला घाट चढायला लागलात की भेटेल त्या जनावराचे कान उभे, आणि दक्षिणेला अचलपूर, अमरावती, मूर्तिजापूर करत अकोल्याकडं उतरलात की भेटेल त्याचे कान पडलेले. मधे नाका नाही, पाटी नाही. पण वर सांबर, खाली बकरी. वर रानकुत्रा, खाली लॅब्रडॉर. माणूस येतोय हे वरच्यांना तो दिसायच्या कितीतरी आधी कळतं. खालच्यांच्या पुढ्यात माणूस येऊन उभा राहिला तरी त्यांना त्यात विशेष काही वाटत नाही.

सेमाडोह-कोलकासच्या रस्त्यानं जिप्सीत बसून जाणारा पर्यटक वाघ शोधत असतो. दिसतात त्याला कान. गवतातून आधी दोन कान वर येतात, चितळ मागाहून. रानकुत्र्याचे कान गोल टोकाचे, पण ताठ. बिबट्याचे आखूड, तेही ताठ. रानसशाचं तर विचारूच नका. मेळघाटच्या पायथ्याशी तुरीच्या शेतात बसलेला रानससा म्हणजे दोन कान, आणि त्या कानांची ने-आण करायला खाली ठेवलेला थोडासा ससा.

ही सरहद्द मी शोधून काढली असं छातीठोकपणे सांगितलं असतं, पण तो मान दुसऱ्याचा आहे. १८४१ पासून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय सांभाळणारे एडवर्ड ब्लिथ नावाचे एक साहेब होते. पगार बेताचा, पण डोळा तीक्ष्ण. रानातल्या एकाही जातीचे कान लोंबत नाहीत, अपवाद फक्त हत्तीचा, असं त्यांनी म्हणून ठेवलं. पाळीव प्राणी आणि लावलेल्या वनस्पती कशा बदलत जातात यावर डार्विननं १८६८ मध्ये दोन खंडांचा जाडजूड ग्रंथ काढला, त्यात ब्लिथसाहेबांचं नाव घेऊन हे निरीक्षण नोंदवलं आहे.

आता मेळघाटात रानहत्ती नाहीत. जे आहेत ते वनखात्याचे, कोलकासला पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरणारे. म्हणजे सरहद्दीच्या वर कान पाडून हिंडणारा हा प्राणी सरकारी नोकरीत आहे. अर्थात नोकरीचा आणि त्याच्या कानांचा संबंध नाही. हत्ती रानटी असो की खात्याचा, त्याचे कान म्हणजे अंगातली उष्णता बाहेर टाकायचे पंखे. ब्लिथसाहेब मेळघाटात आले असते तर मात्र अस्वलापाशी थबकले असते. आपल्याकडच्या अस्वलाचे कान मोठे, ढिले, वर लांब केसांनी झाकलेले. उभे म्हणावेत तर उभे नाहीत, पडलेले म्हणावेत तर अस्वलाला तसं तोंडावर सांगणार कोण? नियमाला अपवाद असावा, पण तो अंगावर धावून येणारा नसावा.

तर खाली येऊ. परतवाड्याच्या गुरांच्या बाजारात बैलाची पारख दातांपासून सुरू होते आणि बकऱ्याची कानांपासून. लांब कानाचा बोकड असला की गिऱ्हाईक थांबतं, कान हातात घेतं, बोटांनी चाचपतं, कापडाच्या दुकानात लुगड्याचा पोत बघणारी आजी आठवावी इतकं मन लावून. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला या भागात एक खास आपली शेळी आहे. बेरारी तिचं नाव, अंग तांबूस, तोंडावर दोन्ही बाजूंनी शिंगाच्या बुडापासून नाकपुडीपर्यंत उतरणारा पट्टा, आणि कान चपटे, लोंबते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. वऱ्हाडाच्या नावानं देशपातळीवर नोंद झालेल्या मोजक्या गोष्टींत ही एक, आणि तिला त्याचं काही नाही. ती बाजारात उभी राहून शेजारच्या टोपलीतली कोथिंबीर खात असते.

बैलबाजूला गेलात तर गीरचे कान दिसतील, लांब, वळलेले, थेट खाली आलेले. अलीकडं या सगळ्या कानांत १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. जनावराचा आधार क्रमांकच तो. कान ऐकायला आहेत ही समजूत आता मागं पडली. ते नोंदणीसाठी आहेत.

या बाजारात एका बकरेवाल्या मामांना मी सरळ विचारलं, "मामा, याचे कान असे लोंबते काहून असतात हो?" मामांनी माझ्याकडं बघितलं, बोकडाकडं बघितलं, आणि दोघांपैकी समजूतदार कोण ते ठरवून बोकडाला थोपटत म्हणाले, "याले कशाचा भेव हाय भाऊ? टायमावर चारा, टायमावर पानी. लांडगा आला तं मी हाय, कुत्रं हाय. हा कान उभे करन तं कोनासाठी?"

डार्विनचं म्हणणं हेच होतं. १८५९ च्या पुस्तकात त्यानं लिहिलं आहे की, ज्याचे कान कुठल्या ना कुठल्या मुलखात पडलेले नाहीत असा पाळीव प्राणी सापडायचा नाही. आणि याचं कारण कानाचे स्नायू वापरात नसणं हे असावं, कारण या जनावरांना दचकायची वेळ फारशी येत नाही. पुढच्या ग्रंथात त्यानं यादीच दिली: चीनमधली मांजरं, रशियाच्या काही भागांतले घोडे, इटलीतल्या मेंढ्या, जर्मनीतले गिनीपिग, आणि हिंदुस्थानातल्या बकऱ्या व गुरं. आपल्या बकऱ्या अशा जागतिक मंडळात जाऊन बसल्या आहेत हे मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "बरं हाय. पन भाव काही वाढत नाई त्यानं."

डार्विन आणि मामा यांचं एकमत झालं म्हणजे प्रश्न मिटायला हवा होता. पण मग मला आमच्या वाड्यातलं मांजर दिसतं. या मांजराला तिन्ही त्रिकाळ दूध आहे. उंदीर मारणं त्यानं कधीच सोडलं. उंदीर दिसला तर ते मान वळवतं, दोघांनाही संकोच नको म्हणून. कुत्र्याची भीती नाही, कारण खालच्या मजल्यावरचं कुत्रं त्याला भितं. न वापरल्यानं कान पडत असते तर या मांजराचे कान जमिनीवर घासत गेले असते. पण ते दोन त्रिकोण जसेच्या तसे उभे आहेत. तीच गोष्ट गाढवाची. आफ्रिकेत सुमारे सात हजार वर्षांपूर्वी गाढव माणसाच्या हाताखाली आलं. तेव्हापासून विटा, रेती, माती वाहतंय आणि ओरडा खातंय, पण त्याचे कान ताठ. गाढवाचा माणसावर अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही हे त्याचं एक कारण मला पटतं. शास्त्रीय आहे की नाही ठाऊक असायची गरज नाही, गाढवाकडं बघितलं तरी पुरतं.

मग उत्तर शोधायला थेट सैबेरियात जावं लागतं. तिथं नोवोसिबिर्स्कला दिमित्री बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञानं १९५९ मध्ये चंदेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. काळ असा की रशियात आनुवंशिकीचं नाव काढणं धोक्याचं होतं; बेल्यायेवचा थोरला भाऊ याच विषयाचा अभ्यासक, त्याला स्टालिनच्या काळात गोळी घातली गेली होती. म्हणून काम कोल्ह्यांच्या शरीरव्यापाराचं, असं वरवर सांगायचं. प्रयोग अगदी साधा: पिंजऱ्यापाशी जायचं, हात पुढं करायचा. जे पिल्लू चावत नाही, गुरगुरत नाही, त्याचीच पुढची पैदास करायची. बाकी काही बघायचं नाही. रंग नाही, शेपूट नाही, आणि कान तर नाहीच नाही. ल्युद्मिला त्रुत या त्यांच्या सहकारी बाईंनी हे काम पुढं कित्येक दशकं चालवलं.

काही पिढ्यांत कोल्हे शेपट्या हलवायला लागले, हात चाटायला लागले, माणूस निघून गेला की कुईकुई करायला लागले. इथपर्यंत ठीक. पण त्यासोबत कुणी न मागितलेलं सामान येत गेलं. एखाद्याच्या कपाळावर पांढरा ठिपका. एखाद्याची शेपूट वर वळलेली. आणि दहाव्या पिढीच्या सुमारास काही पिल्लांचे कान पडलेलेच राहिले. कोल्ह्याच्या पिल्लाचे कान जन्मतः लोळागोळाच असतात, पण काही आठवड्यांत उभे होतात. या पिल्लांचे कान महिनोनमहिने तसेच.

माणसाळवायचं होतं कोल्ह्याला, आणि पडले कान. यामागं काय असावं याची एक उपपत्ती विल्किन्स, रँगम आणि फिच या तिघांनी २०१४ मध्ये मांडली. गर्भात पाठीच्या बाजूला पेशींचा एक पट्टा तयार होतो. त्यातल्या पेशी मग अंगभर प्रवास करतात आणि जिथं पोचतील तिथलं काम धरतात: कुणी मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत जाऊन भीतीच्या संप्रेरकाचं खातं सांभाळतात, कुणी कातडीत रंग भरतात, कुणी जबड्यात, कुणी कानाच्या कूर्चेत. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागाइतदाराला हे एका वाक्यात समजेल. पाटाला वरूनच पाणी कमी सोडलं की पहिल्या वाफ्याला जरा कमी पडतं आणि शेवटचे वाफे कोरडे राहतात. माणूस निवडतो भित्रेपणा कमी असलेलं जनावर, म्हणजे पाणीच कमी सोडतो. मग कपाळावर रंग पोचत नाही, कानात कूर्चा पुरेशी पोचत नाही, आणि कान मान टाकतो.

उपपत्ती देखणी आहे. देखण्या उपपत्तींचं होतं तेच हिचं झालं. २०२० मध्ये काही संशोधकांनी जुनी कागदपत्रं उकरून दाखवलं की बेल्यायेवचे कोल्हे मुळात कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या फार्मांतून आलेल्या वंशाचे. तिथं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून त्यांची पैदास चालू होती, आणि पांढरे ठिपके तिथंच दिसलेले होते. म्हणजे सैबेरियात नवं म्हणून मिरवलेलं बरंच काही जुनंच. आणि कुत्र्यांच्या बाबतीत तर २०१० मध्ये असं दिसलं होतं की कान उभा की पडलेला यातला मोठा फरक दहाव्या गुणसूत्राच्या एका लहानशा भागाशी जोडलेला आहे, एमएसआरबी३ नावाच्या जनुकाच्या शेजारपाजारी. त्याच जनुकाचा परिसर डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या कानांच्या आकारातही नाक खुपसतो. तेव्हा सगळं एकाच पाटाचं पाणी की प्रत्येक वाफ्याची वेगळी विहीर, हा वाद चालूच आहे. अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था असल्यामुळं अकोलेकर या वादात अमरावतीकरांपेक्षा अधिकारानं बोलतात. अमरावतीकर संस्था नसताना तितक्याच अधिकारानं बोलतात.

माझं मत विचाराल तर पहिला कान अपघातानं पडला असेल, मामांचा असो की बेल्यायेवचा. पण दुसऱ्यापासून पुढचे सगळे आपण पाडले. पडलेला कान बघितला की माणसाचं मन पडतं. मोठं डोकं, गोल गाल, ढिले कान, एकूण बाळाचा थाट; याला माणूस नाही म्हणू शकत नाही. अमेरिकेतल्या विमानतळांवर सामान हुंगायला शक्यतो लोंबत्या कानांची कुत्री ठेवतात, उभ्या कानांना लेकरं घाबरतात म्हणून. तिथल्या सुरक्षा खात्यानं २०१८ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. म्हणजे बाँब शोधायला नाक लागतं आणि नोकरी मिळायला कान.

या लाडाचा कळस म्हणजे पडक्या कानांचा ससा. एक गोष्ट आधी सांगून टाकतो: तुरीतला आपला रानससा आणि पिंजऱ्यातला ससा हे सख्खे तर सोडाच, चुलतही धड नाहीत. रानसशाचं पिल्लू उघड्यावर, डोळे उघडे ठेवून, अंगावर केस घेऊन जन्माला येतं. पाळीव सशाचं बिळात, उघडंनागडं, आंधळं. पाळीव सशाचं मूळ गाव स्पेन-पोर्तुगालकडचं. भारताच्या रानात तो कधी नव्हताच. मेंदूच्या तपासणीत पाळीव सशात भीतीचं केंद्र आक्रसलेलं दिसलं, २०१८ चा हा अभ्यास. आणि त्याचे कान विलायतेत शौकिनांनी इतके वाढवले की डार्विनच्या नोंदीप्रमाणे एका सशाचे दोन्ही कान पसरून टोकापासून टोकापर्यंत मोजले तर ते २२ इंच भरले. सबंध ससा त्याहून फार लांब नसावा. पुढं हॉलंडमध्ये आद्रियान द कॉक या गृहस्थांनी १९४९ पासून हेच ध्यान छोटं करायचा ध्यास घेतला आणि १९६४ ला त्या बुटक्या सशाला मान्यता मिळाली. पंधरा वर्षं खपून माणसानं काय मिळवलं, तर कमी जागेत मावणारे पडके कान.

तो हॉलंडचा ससा आता अमरावतीत आला आहे. साध्या पांढऱ्या सशाच्या कितीतरी पट भाव, आणि विचारणा एकच: "कान पूर्ण पडेल हाय ना?" साईनगरात एका घरी तो बघायला मी गेलो. मे महिना. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि अकोला त्याही पुढं जाऊन बातमीत येतं. सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून भागत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला कान हाच मोठा मार्ग. तिशीच्या वर पारा गेला की तो कासावीस होतो. त्यामुळं त्या घरी डेझर्ट कूलरच्या थेट झोतात, वाळ्याच्या गारव्यात, ससा होता. आणि त्या जागेवर गेली वीस-पंचवीस वर्षं ज्यांची खाट होती ते आजोबा आता पंख्याखाली सरकलेले.

"चालते ना," आजोबा म्हणाले. "त्याले बोलता येत नाई. मले येते, पन कोनी आयकत नाई. दोघाची सारखीच गोठ."

आजोबांचे कान चांगले लांब होते. वयाबरोबर माणसाचे कानही वाढतात; इंग्लंडात १९९५ मध्ये कुणी डॉक्टरांनी मोजून पाहिलं, वर्षाला साधारण ०.२२ मिलिमीटर. तीस वर्षांत साडेसहा मिलिमीटर होतात. मामांचा सिद्धांत इथंही बसवून पाहण्यासारखा आहे, पण आजोबांसमोर तो मांडायचं धाडस झालं नाही.

सशाचं पडक्या कानानं सुख होतं असंही नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं २०१९ मध्ये ३० सशांची तपासणी केली, अर्धे उभ्या कानांचे, अर्धे पडक्या. पडक्यांच्या कानाच्या नळ्या अरुंद, मळ जास्त, आणि कानाला हात लावला की दुखतं याची चिन्हं जास्त. मुडपलेल्या नळीत हवा खेळत नाही. मी हे सांगितल्यावर घरातल्या काकू म्हणाल्या, "म्हनूनच तं म्या हाक मारली का तो पायत नाई! आमाले वाटे, अंगातच मस्ती हाय."

गंमत अशी की त्याच घरात मागच्या अंगणात त्यांच्या मुलानं जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं होतं, आणि तिथं नेमकी उलटी चिंता. पुढच्या खोलीत कान पडावेत म्हणून पैसे मोजलेले, मागच्या अंगणात कान उभे राहावेत म्हणून. शेफर्डचे कान चार-सहा महिन्यांत उभे होतात. मधे दात यायला लागले की पुन्हा पडतात, पुन्हा उठतात, आणि तेवढ्या काळात मालकाचं वजन घटतं. कुणी कॅल्शियम सुचवतं, कुणी कानाला चिकटपट्टी लावतं, कुणी रोज तेल चोळतं. डोबरमनचं तर याहून वाईट. डोबरमन जन्मतः पडक्या कानांचा, गरीब चेहऱ्याचा प्राणी. त्याचे कान कापून, पट्ट्या बांधून उभे करायचे, मग तो फाटकावरच्या "कुत्र्यापासून सावध" या पाटीला शोभतो. ते कापणं दुष्टपणाचंच आहे, पण पाटीचा मान राखायला माणूस काय करणार नाही!

पडक्या कानांचा ससा आणि उभ्या कानांचा शेफर्ड या दोघांच्या मधे, फाटकाबाहेर, आपलं गावठी कुत्रं असतं. त्याला कुणी निवडलेलं नाही, कुणी विकत घेतलेलं नाही, त्याच्या कानांवर हॉलंडात कुणी पंधरा वर्षं घालवलेली नाहीत. राजकमल चौकात रात्री गिला वड्याची गाडी बंद होताना ते गाडीखाली बसलेलं असतं. बहुधा त्याचे कान उभे. पुष्कळदा टोकाशी मुडपलेले. आणि कधीकधी एक उभा, एक पडका. मला तो एक-उभा-एक-पडका प्रकार फार आवडतो. पडका कान गाडीवाल्याकडं, उभा महापालिकेच्या गाडीकडं. असे सशांतही असतात. डार्विननं अशा सशांच्या कवट्या तपासल्या तेव्हा पडक्या कानाच्या बाजूचं हाडही किंचित सरकलेलं, कवटीच दोन बाजूंनी वेगळी. एक कान पडला तर डोक्यातही फरक होतो, हे त्यानं हाडांवरून दाखवलं. आपण ते नात्यागोत्यात नुसतं बघूनच ओळखतो.

आणि साईनगरच्या त्या शेफर्डचा उजवा कान परवा उभा राहिला. घरात पेढे वाटले. डावा अजून पडलेलाच आहे. मुलगा त्याला घेऊन डॉक्टरांकडं गेला. डॉक्टरांनी पिल्लाला उचललं, डावा कान हातानं वर केला, सोडला. तो पुन्हा पडला. मग मुलाला सांगितलं की वाट बघा, उठेल. आणि नाहीच उठला तरी कुत्र्याचं काही बिघडत नाही, त्याला ऐकू चांगलं येतं.

"त्याचं नाई बिघडत सर," मुलगा म्हणाला, "पन म्या दोन कानाचे पैसे देल्ले. एकाचे वापस मांगू काय?"